चौकटीवरचा शेवटचा पोचा

आक्का, स्वयंपाकघराच्या चौकटीवरचा पोचा, लाकूड चेपून पडलेला तो खळगा, मी काढलेला नाही. तू असतीस तर एव्हाना ओरडली असतीस, "अरे मेल्या, लाकूड सुकला, आता काय वर येतला?" पोचा ताजा असतानाच काढायचा, हा तुझा नियम. हा तर तुझं बारावं होऊन गेलं तरी तसाच आहे. रोज सकाळी चहा ठेवायला जाताना माझा खांदा त्याच्या बाजूने जातो आणि मी अंग चोरून घेतो.

तुला भेटायला, म्हणजे आता मलाच भेटायला, बरीच माणसं येऊन गेली. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मी मान हलवत बसलो. अविनाशला चारचौघांत बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही. तुझ्या पाठी मला याचा किती आधार वाटला, ते तुला सांगायला हवं. कारण कुणी विचारलं असतं तर मी पुन्हा खोटं बोललो असतो.

भावोजी गेल्यावर तू घाटकोपरचं बिऱ्हाड आवरून माझ्याकडे मुलुंडला आलीस, तेव्हा सगळे म्हणाले, भावाने बहिणीला आधार दिला. तू पण म्हणायचीस. मी कधी दुरुस्ती केली नाही. आई गेल्यानंतर या घरात मी कसा राहत होतो हे तू पाहिलं नव्हतंस. ऑफिसातून आलो की आधी टीव्ही लावायचो, बघायला नव्हे, घरात आवाज असावा म्हणून. जेवायचो ओट्यापाशी उभ्यानेच, पातेल्यातून. तू आलीस, पहिल्याच दिवशी टीव्ही बंद केलास आणि म्हणालीस, "बस खाली, नीट जेव. घोडो आसस काय, उभो खाऊक?" त्या दिवसापासून मला एकच भीती होती. तू परत जाशील ही.

पहिला आवाज आला तेव्हा मी हॉलमध्ये मोज्यांची जोडी शोधत होतो. आतून धप्प झालं आणि लगेच तुझा आवाज आला, "काय नाय रे, डबो पडलो!" मी मोजे घालून निघून गेलो. संध्याकाळी जेवायला बसलो तर टेबलाच्या कडेला, नवीनच, अर्धगोल पोचा. बाबांनी गिरणी सुटल्यावर हौसेने करून घेतलेलं ते सागवानी टेबल, त्याची एकेक खूण मला पाठ. पोच्याशेजारी दोन बारीक ओरखडे होते. मी तुझ्या हाताकडे पाहिलं. मग कपाळाकडे. तू केस पुढे ओढून घेतले होतेस.

"आक्का, डब्याला पाटल्या असतात?"

"गप जेव."

"पडलीस का?"

"जरा अंधारी आली. माका काय्येक होवक नाय." आणि मग, आमटी वाढता वाढता, "केतकी शनिवारी येता. तिका हा दिसता नये. तुझी इस्त्री चालू आसा ना?"

तुझी केतकी पुण्याहून महिन्यातून एकदा यायची. तिची नजर तुझ्यासारखीच तीक्ष्ण. आईला ठेच जरी लागली तरी ती आईला पुण्याला घेऊन जाणार, हे तुला माहीत होतं आणि मलाही. तुला पुण्याला जायचं नव्हतं. तिथे खाली उतरून दोन शब्द बोलायला माणूस नाही, मासळी बर्फातली, आणि जावईबापूंसमोर दिवसभर नीट बसावं लागतं, ही तुझी कारणं. माझं कारण मी तुला कधी सांगितलं नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, तेव्हा दुपारी तू मला पोचा काढायला शिकवलंस. जुन्या धोतराचा तुकडा भिजवून चौपदरी केलास. पोच्यावर आधी गरम पाण्याचे थेंब टाकून लाकडाला पिऊ दिलेस. मग त्यावर ओला कपडा आणि कपड्यावर इस्त्रीचं टोक. चर्र झालं, वाफ उठली, सागवानाचा जुना वास घरभर पसरला. "दाबू नको. ऑफिसात फायली दाबून ठेवतोस तसा नाय. टेकव आणि उचल. टेकव आणि उचल." कपडा काढलास तर पोचा अर्धा वर आला होता. मी अक्षरशः तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

तू मला समजावलंस की लाकूड दबतं तेव्हा तुटत नाही, आतल्या आत चेपून बसतं, त्याला पाणी आणि ऊब दिली की फुगून पुन्हा जागेवर येतं. ओरखड्याचं तसं नाही. तिथे लाकूड कापलेलं असतं, ते कितीही शेकलं तरी भरून येत नाही. त्यावर अक्रोडाचा गर घासायचा, नाहीतर भुसा आणि गोंदाचा लगदा, म्हणजे लांबी, भरायची. मग वरून बारीक पॉलिश पेपर, रेषांच्याच दिशेने. हे सगळं तू नवी नवरी असताना शिकलेलीस. घाटकोपरच्या त्या पहिल्या भाड्याच्या खोलीत घरमालकिणीचं कपाट होतं, आणि ती बाई दर पंधरवड्याला येऊन त्यावर हात फिरवून बघायची. "भियाक लागला की माणूस सगळा शिकता," असं म्हणून तू हसली होतीस.

शेवटी तू बॅटरी मागितलीस. "आडवी धर. टेबलाला चिकटून." समोरून उजेड टाकला की लाकूड सपाट दिसतं, आडवा टाकला की प्रत्येक उंचसखल जागेची सावली पडते. तू गाल टेबलाला लावून एका डोळ्याने बघत होतीस. "झकास," म्हणालीस. "आता घरमालकीण आली तरी हरकत नाय."

केतकी आली, जेवली, त्याच कडेवर कोपर टेकून बडबड केली, गेली. जिना उतरून ती रिक्षात बसल्यावर आपण दोघं एकमेकांकडे बघून हसलो, शाळेत न पकडल्या गेलेल्या पोरांसारखे. त्या हसण्याची मला आता लाज वाटते, आणि खरं सांगू, आठवणही तीच सगळ्यात जास्त येते.

मग कपाट. मग पलंगाची कड. मग बेसिनशेजारची चौकट. आक्का, लोक घरातल्या माणसाच्या पावलांचा आवाज ओळखतात. मी तुझं पडणं ओळखायला लागलो होतो. सागवानावर आवाज बसका यायचा, प्लायच्या कपाटावर पोकळ. ऑफिसात कुणी फाईल टेबलावर आपटली तरी मी झटकन मान वर करायचो. घराचं कुलूप उघडताना मी आधी कान लावायचो, आत कुकरची शिट्टी, नळ, तुझं गुणगुणणं, काहीतरी ऐकू येतंय का. काही ऐकू आलं की श्वास सोडायचो. नाही आलं तर किल्ली फिरवायला हात धजायचा नाही. आणि घरात असताना धप्प झालं की मी जागचा हलायचो नाही. थांबायचो. कारण लगेच तुझा आवाज यायचा, "डबो पडलो रे!" तो आला की मी म्हणायचो, "बरं." एवढंच बोलणं. तू न विचारता सांगायचीस आणि मी न उठता ऐकायचो.

प्लायच्या कपाटाची आपण वाट लावली ते आठवतं? ते आपलं तंत्र भरीव लाकडाचं, आणि त्या कपाटाला वरून सागाचा नुसता पापुद्रा. मी इस्त्री टेकवली, उचलली, टेकवली, आणि पापुद्र्याखालचा गोंद सुटून भला मोठा फोड आला, पुरीसारखा. तू त्या दिवशी रडलीस. पडल्यावर रडली नव्हतीस, कपाळ सुजलं तेव्हा रडली नव्हतीस, त्या फोडापाशी बसून रडलीस. मी घाईघाईने तिथे कॅलेंडर लावलं. केतकी आल्या आल्या म्हणाली, "मामा, कॅलेंडर गुडघ्याएवढ्या उंचीवर? कुणासाठी, मांजरासाठी?" आणि तू म्हणालीस, "माका बसान तिथी बघूक बरा पडता." किती सफाईने!

आता जे लिहितोय ते लिहायला मी ही सगळी पानं घालवली.

सगळ्यांना, उद्या कळलं तर, हेच वाटेल की तू हट्टी होतीस आणि तू मला गप्प बसवलंस. मलाही तसंच वाटू द्यायचं होतं. पण ते खरं नाही. टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्याचा पोचा काढत होतो त्या दुपारी, बॅटरी तुझ्या हातात होती, इस्त्री माझ्या. उजेड एका जागी ठरत नव्हता. तू अचानक, मालवणी सोडून, अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "अव्या, सांगूया का रे केतकीला? मला भीती वाटते हल्ली."

मी काय म्हणालो, आक्का? मी इस्त्रीकडे बघत म्हणालो, "आधी हे वाळू दे."

तू पुन्हा विषय काढला नाहीस. माझा स्वभाव ओळखून होतीस. तुला कळलं असणार की मला टेबलाची काळजी नव्हती. केतकीला कळलं असतं तर ती तुला घेऊन गेली असती, डॉक्टर, तपासण्या, पुणे, आणि मी पुन्हा टीव्ही लावून ओट्यापाशी उभा. तुझी भीती तू बोलून दाखवलीस. माझी भीती मी तुझ्यावर ओल्या फडक्यासारखी ठेवली आणि वरून दाबली.

त्या रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला. सागवान, बसका. मी पेपर खाली घेतला आणि थांबलो. तुझ्या आवाजासाठी थांबलो. नळ चालू होता. मला वाटलं, नळाच्या आवाजात तुझं बोलणं बुडालं असेल. मी पान उलटलं, आक्का. मला माहीत होतं आणि मी पान उलटलं. मग पातेलं भरून पाणी ओट्यावरून खाली सांडायला लागलं, तो आवाज आला, तेव्हा मी उठलो. तू उंबऱ्यात होतीस. एक हात चौकटीला धरायला गेलेला, तसाच वर.

हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कधी अशा पडल्या होत्या? चक्कर, शुद्ध हरपणं?" केतकी तोपर्यंत पोचली होती, माझ्या बाजूला उभी होती, माझा दंड धरून. मी म्हणालो, "नाही. पहिल्यांदाच." त्यांनी ते लिहून घेतलं. त्यावेळी खरं सांगितलं असतं तर तू वाचली असतीस का, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. आणि बाराव्याला येणाऱ्या प्रत्येकाला केतकी सांगत होती, "आईला काहीच त्रास नव्हता हो. एका क्षणात गेली. तेवढंच समाधान." तिचं ते समाधान माझं बनवलेलं होतं. मी कोपऱ्यात बसून ते सगळ्यांना वाटलं जाताना बघत होतो.

हे मी असंच पोटात ठेवून जगलो असतो. मला ते जमतं. पण गेल्या बुधवारी केतकीचा फोन आला.

"मामा, शनिवारी येतेय. आईच्या साड्या बघायच्यात. आणि तुझी इस्त्री घेऊन तूच एकदा पुण्याला ये."

"का?"

"अरे, परवा चक्कर आली आणि धाडकन कपाटावर आदळले. कपाटाला हा एवढा पोचा! आईने तुला शिकवलं असेलच ना काढायला? आम्हाला लहानपणी हातसुद्धा लावू द्यायची नाही." ती हसत होती.

मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव."

"दगदग झालीय रे, झोप नाही. होईल बरं."

"दाखव, केतकी."

"मामा, तू एवढं बोलतोस म्हणजे नवलच!" म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि मी काय केलं असेल? इस्त्री गरम करायला लावली. धोतराचा तुकडा भिजवला. ती शनिवारी येणार, चौकटीवर पोचा दिसणार, विचारणार. हाताला दुसरं काही सुचलंच नाही. फडकं चौकटीवर धरलं, इस्त्री उचलली, आणि त्या पोच्यात बोट गेलं. कुणीतरी अंगठा दाबून ठेवावा तेवढा तो खोल. तुझ्या पडण्याची घरात उरलेली ही एकच खूण. बाकी सगळ्या आपण वर आणल्या होत्या, नाहीतर झाकल्या होत्या. ही पण आणली तर तुझ्या मुलीला सावध करायला माझ्याकडे काय राहणार? माझा शब्द? माझा शब्द मी त्या डॉक्टरीणबाईंपुढे खर्चून टाकला होता. मी बटण बंद केलं. इस्त्री गार होईपर्यंत तिच्याकडे बघत तिथेच बसलो. भीती कमी झाली नाही. फक्त तिने जागा बदलली.

शनिवारी ती आली. चेकनाक्यावरून रिक्षा करून, घामाघूम. मी पाणी दिलं आणि तिच्या हातात बॅटरी दिली.

"हे काय? लाईट गेलेत?"

मी पडदे ओढले. "टेबलाला चिकटून धर. आडवी." तिने धरली. आपण कितीही वाफ दिली तरी वाळल्यावर लाकूड पुन्हा थोडं बसतंच, आक्का. आडव्या उजेडात सगळं दिसलं. टेबलाच्या दोन्ही कडा. पलंग. बेसिनशेजारची चौकट. कॅलेंडर मी स्वतः काढलं. प्रत्येक जागी मी फक्त म्हणत होतो, "इथे पण." शेवटी स्वयंपाकघराच्या दारात तिला बॅटरी लागली नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ती इथे आली त्याच वर्षीपासून."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुझ्या बाजूला उभी होते, मामा."

"हो."

"तू नाही म्हणालास."

"हो."

"आणि मी येड्यासारखी सगळ्यांना सांगत सुटले, आईला काही त्रास नव्हता म्हणून!"

मग मी तेही सांगितलं. 'सांगूया का' हे, आणि 'आधी हे वाळू दे' हे. इतकं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ती गॅलरीत निघून गेली. मी चहा केला, तो तिने घेतला नाही. मला वाटलं, आता ही पिशवी उचलेल आणि हे दार मला पुन्हा कुणासाठी उघडावं लागणार नाही. मी ते मान्य करून बसलो होतो, खरंच.

ती आत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज तुझा होता, मला ओरडतानाचा. "पडायच्या आधी तिला काय व्हायचं? नीट सांग. काही गाळू नकोस."

मी सांगितलं. जांभया यायच्या, एकामागून एक. हात गार पडायचे. काहीतरी धरायला बघायची. आणि म्हणायची, कानात वारो भरलो.

केतकी खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीखाली घातले, लहानपणी घालायची तसे. "माझ्या पण कानात तसंच झालं, मामा," ती म्हणाली.

सोमवारी इथल्याच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी त्यांनी घरात आधी कुणाला असं व्हायचं का म्हणून विचारलं, तेव्हा केतकीने माझ्याकडे बघितलं, आणि मी बोललो. सगळं बोललो. त्यांनी तिच्या छातीला तारांचं एक छोटं यंत्र चिकटवून दिलंय, हृदयाचे ठोके टिपून घेणारं. ते काढेपर्यंत ती इथेच आहे. काय निघेल, ठाऊक नाही. माझ्याशी ती कामापुरतंच बोलते. मला ते चालतं. तिने मला माफ केलंय असं मी तुला सांगणार नाही, तसं काही झालेलं नाही.

हे लिहीत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला. धप्प.

मी पेन धरून बसलो होतो तसाच गोठलो. आणि लगेच तिचा आवाज, तुझ्यासारखाच, "काही नाही मामा, डबा पडला!"

आक्का, मी उठलो. खुर्ची मागे पडली, चष्मा पडला, मी धावलो. चौकटीला खांदा घासला तरी थांबलो नाही.

ती ओट्यापाशी उभी होती, झंपरातून तारा बाहेर आलेल्या, माझ्याकडे चमकून बघत. तिच्या पायाशी ॲल्युमिनियमचा डबा आडवा पडला होता आणि पोहे पार फ्रिजखालपर्यंत गेले होते.

"सांगितलं ना, डबा पडला म्हणून," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो, "ते बघायलाच आलो." आणि खाली बसून पोहे गोळा करायला लागलो. थोड्या वेळाने ती पण बसली.